मुंबईचा किनारा आणि तेथील खाण्याच्या जागा : एक अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या आपल्या नद्या. पण पाऊस रुसला की त्यांच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. नकाशा उघडून पाहिला तर मात्र एक गोष्ट चटकन लक्षात येते. बीड शहर आणि मुंबई ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दोन्ही उष्ण कटिबंधात येतात आणि दोन्हींवर सूर्य सारखाच येतो. परंतु मध्ये सह्याद्री आडवा आहे. त्यामुळे मुंबईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपल्याकडे सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत. या एका फरकाने दोन्हीकडचे अन्न बदलले, कामे बदलली आणि माणसांच्या वाटाही बदलल्या. आपल्याकडची माणसे पोटासाठी बाहेर पडतात. मुंबई बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांनीच वसली आहे.

समुद्रकिनारा हा सामान्यतः सहलीचा आणि निबंधाचा विषय समजला जातो. सूर्यास्त, लाटा, शिंपले यांवर आपण शाळेत पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखात मी किनाऱ्याकडे भुकेच्या बाजूने पाहिले आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर आणि किनाऱ्यालगत खाण्याच्या ज्या जागा आहेत त्या कोणी सुरू केल्या, कोणासाठी केल्या, आणि त्यांतून आपल्या जिल्ह्याला काही शिकण्यासारखे आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

अभ्यासाचे निमित्त व पद्धत

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागते. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहही बंद असते. म्हणून गेल्या दिवाळीत मी मुंबईला मामांकडे गेले. मामा मानखुर्दला राहतात आणि इमारतींच्या बांधकामावर काम करतात. तेथे बारा दिवस राहून मामेभावासोबत मी गिरगाव, दादर, माहीम, जुहू आणि वर्सोवा येथील किनारे पाहिले, तेथील विक्रेत्यांशी बोलले, लालबाग-परळ भागात फिरले. परत आल्यावर आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मुंबईच्या इतिहासाविषयी जे वाचावयास मिळाले ते वाचले. बारा दिवसांत एवढ्या मोठ्या शहराचा अभ्यास होत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही बाहेरच्या माणसाला काही गोष्टी ठळक दिसतात, या भरवशावर हे लिहीत आहे.

सात बेटे व एक किनारा

आज मुंबई एकसंध दिसते. पण ती मूळची सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती नावे. पोर्तुगीजांकडून १६६१ च्या विवाह-तहाने ही बेटे इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. भरतीच्या वेळी बेटांच्या मधून समुद्राचे पाणी आत शिरत असे. महालक्ष्मी व वरळी यांमधील मोठे खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. हॉर्नबी वेलार्ड या नावाने ओळखला जाणारा हा बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला. आतले सखल भाग हळूहळू कोरडे झाले. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला आणि बेट साष्टीला, म्हणजे आजच्या उपनगरांच्या बेटाला, जोडले गेले.

मुंबईला दोन किनारे आहेत आणि दोहोंचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. पूर्वेकडचा किनारा आडोशाचा. तेथे लाटांचा जोर नाही, त्यामुळे चिखल साचतो, खारफुटी वाढते आणि बोटी सुरक्षित राहतात. म्हणून तेथे बंदर झाले. ससून डॉक १८७५ मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये झाला. पश्चिमेकडचा किनारा उघड्या अरबी समुद्राला तोंड देतो. मलबार टेकडी, वरळीची टेकडी असे काळ्या खडकाचे सोंड पुढे आलेले आहेत, आणि दोन सोंडांच्या मधल्या वळणात लाटा वाळू आणून टाकतात. गिरगाव, दादर-माहीम, त्याच्या उत्तरेला जुहू, वर्सोवा, आक्सा, मनोरी, गोराई अशी ही वाळूची रांग आहे. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि उघाडीच्या दिवसांत ती पुन्हा आणून ठेवतो. आपल्या नदीची वाळू एकदा उपसून नेली की परत येत नाही. समुद्राचा हा हिशेब मला नवा वाटला.

थोडक्यात, पूर्व किनाऱ्याने मुंबईला काम दिले आणि पश्चिम किनाऱ्याने विसावा दिला. काम करणारा दिवसभर राबून संध्याकाळी पश्चिमेच्या वाळूवर येऊन बसला, आणि त्याला भूक लागली. वाळूवरच्या खाण्याची सुरुवात येथे होते.

वाळूवरचे खाणे

गिरगावची चौपाटी सर्वांत प्रसिद्ध. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या पार्थिवावर येथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा तेथे उभा आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत येथे सभा झाल्या आणि दरवर्षी अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन येथे होते. म्हणजे ही वाळू केवळ फिरण्याची नाही, ती मुंबईचे मोठे अंगण आहे. अंगणात तिकीट नसते. श्रीमंताच्या गाडीतून उतरलेली मुले आणि आमच्या मामांसारख्या मजुराची मुले एकाच वाळूवर बसतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

चौपाटीचे खाणे म्हणजे भेळ. भेळ आपल्याकडेही मिळते, यात्रेत तर मिळतेच. पण समुद्रावर ती का रुजली याचा मी विचार केला. भेळेला जागेवर चूल लागत नाही. कुरमुरे, शेव, फरसाण, उकडलेला बटाटा, कांदा, चिंच-गुळाची आणि हिरव्या मिरचीची चटणी, सगळे घरून तयार करून आणता येते. ताट लागत नाही, कागदावर भागते. समुद्राची हवा दमट असल्यामुळे कुरमुरे उघडे राहिले तर लगेच सादळतात. म्हणून भेळवाला कुरमुऱ्यांचा डबा गच्च बंद ठेवतो आणि गिऱ्हाईक समोर आल्यावरच कालवतो. ‘कालवली की लगेच खा’ हा भेळेचा नियम त्या हवेतून आला आहे. एका भेळवाल्या काकांनी मला सांगितले की ते उत्तर प्रदेशातून आले, त्याआधी त्यांचे काका याच जागी होते. चटणी वाटण्याचे काम घरी त्यांची बायको पहाटे करते. गाडीवर उभा राहणारा एक दिसतो, परंतु त्या गाडीमागे घर राबत असते.

पावभाजी आणि वडापाव यांतील पाव हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज गेले आणि त्यांचा पाव मराठी झाला. वडापावच्या बाबतीत १९६६ हे वर्ष आणि दादर स्थानकाबाहेर गाडी लावणारे अशोक वैद्य यांचे नाव घेतले जाते. वडापाव हे काम करणाऱ्याचे खाणे आहे. एका हातात तो मावतो आणि दुसऱ्या हाताने लोकलचा दांडा धरता येतो. बसायला जागा नसलेल्या शहराने उभ्याने खाता येईल असे अन्न शोधून काढले.

जुहूचा किनारा लांब आणि रुंद आहे. जवळच विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन जुहूलाच उतरले होते. आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर १९४४ मध्ये महात्मा गांधी विश्रांतीसाठी काही दिवस जुहूला राहिले. आता तेथे सुट्टीच्या दिवशी जत्रेसारखी गर्दी असते. भेळ, पावभाजी, कुल्फी, बर्फाचा गोळा, शहाळी अशी दुकाने रांगेने असतात. दादर-माहीमकडे वाळू कमी आणि वस्ती जवळ. तेथे मक्याचे भाजलेले कणीस, चणे-दाणे विकणाऱ्या बायका अधिक दिसल्या. त्यांतील एक मावशी जालन्याकडच्या निघाल्या. आमची बोली ऐकताच त्यांनी कणसाला जास्तीचे लिंबू-मीठ चोळून दिले आणि ‘गावाकडं पाऊस कसाय?’ असे विचारले. मुंबईत आल्यापासून पावसाची चौकशी करणाऱ्या त्या पहिल्याच.

हातगाडीवाल्यांचे जगणे मात्र अंतरावर टांगलेले असते. कारवाईची गाडी आली की सगळे सामान उचलून पळावे लागते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. रस्त्यावर विकून पोट भरणे हाही व्यवसाय आहे, असे त्या कायद्याने मान्य केले. कायद्यात मान्य झालेली गोष्ट वाळूपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागतो, असे विक्रेत्यांच्या बोलण्यावरून जाणवले.

कोळीवाडा आणि मासळी

बाहेरून आलेल्यांच्या आधी या किनाऱ्यावर कोळी होते. कुलाबा, वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे, मढ येथे त्यांचे कोळीवाडे आहेत. ज्याला आपण वर्सोवा म्हणतो त्याला ते वेसावे म्हणतात. पुरुष दर्यावर जातात आणि मासळी विकण्याचा सगळा व्यवहार बायकांच्या हातात असतो. भाव ठरविणे, उधारी लक्षात ठेवणे, पैसे सांभाळणे ही कोळणीची कामे. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव चालतो तेव्हा त्यांचे आवाज ऐकण्यासारखे असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नव्या हंगामाला सुरुवात होते. जून आणि जुलै हे महिने माशांच्या विणीचे. त्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते.

बोंबील हा मुंबईचा खास मासा. तो प्रवाहात खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यात सापडतो. अंगाने तो मऊ आणि पाणीदार असल्यामुळे ताजा फार वेळ टिकत नाही. ज्या दिवशी आला त्याच दिवशी तव्यावर गेला तर ठीक, नाहीतर वाळवावा लागतो. वाळविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दोरीवर टाकतात. बांबूच्या मांडवावर अशा शेकडो जोड्या उन्हात लटकत असतात. वर्सोव्याला ते दृश्य पाहून मला आमच्या आठवडी बाजाराची आठवण झाली. बाजाराच्या एका टोकाला सुकट आणि सुका बोंबील घेऊन बसलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. समुद्र न पाहिलेल्या आपल्या आज्यांनी आयुष्यभर बोंबलाचे कालवण केले. भाजीपाला आटला की भाकरीबरोबर तेच कामाला येते. मुंबईचा किनारा आपल्या चुलीपर्यंत केव्हाच येऊन पोहोचलेला आहे.

कोळीवाड्यांपुढचे प्रश्न आज कठीण आहेत. वर्सोव्याचा किनारा कचऱ्याने भरून गेला होता. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह या वकिलांनी नागरिकांना बरोबर घेऊन तो साफ करण्याचे काम सुरू केले. मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा त्या श्रमाचे चीज झाले असे सर्वांना वाटले. दुसरीकडे, मार्च २०२४ मध्ये ज्याचा पहिला टप्पा खुला झाला त्या सागरी किनारा मार्गाच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी एक मागणी लावून धरली होती. पुलाच्या खांबांमधून त्यांच्या होड्या जा-ये करणार, तेव्हा खांबांतील अंतर वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर एका ठिकाणचे अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे महापालिकेने मान्य केले. ताटात मासा यायचा तर होडीला वाट हवी, इतकी ती साधी गोष्ट होती. पण ती मान्य होण्यासाठी वर्षे लागली.

माहीम कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये बचत गटांच्या कोळी महिलांनी चालवायची एक खाण्याची जागा महापालिकेच्या पुढाकाराने सुरू झाली. घरात रोज शिजणारे कालवण विकून त्या बायकांना मोबदला मिळू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

किनाऱ्यामागची ताटे

वाळूवरून शहरात शिरले की दुसऱ्या प्रकारच्या जागा सुरू होतात. येथे बसायला बाक किंवा खुर्ची असते आणि पाठीमागे कोणा ना कोणाचे गाव असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधून आलेल्या लोकांनी चहाची दुकाने काढली. त्यांना आपण ‘इराण्याचे हॉटेल’ म्हणतो. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून पाव, मस्का आणि चहा. कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदार अशुभ मानून टाळीत, ती इराण्यांनी घेतली असे सांगतात. कोणी कोणत्या जातीचा, धर्माचा हे न विचारता कपभर चहावर बसू देणारी ही जागा होती. त्या काळाचा विचार केला तर ही लहान गोष्ट नव्हे.

उडुपी-मंगळूरकडून आलेल्यांनी माटुंगा परिसरात भोजनगृहे काढली. माटुंग्याचे ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. मराठी माणसांचीही उपाहारगृहे झाली. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होते. तेथल्या माशांच्या जेवणाची आठवण जुनी माणसे अजून काढतात, पण ते आता बंद झाले आहे. मावळ, जुन्नर, राजगुरुनगर भागातील माणसांनी घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचे काम उचलले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या कामातून मुंबईचे डबेवाले निर्माण झाले.

या सर्वांकडे एकत्र पाहिले तर एक सूत्र हाती लागते. जो ज्या भागातून आला त्याने आपल्याबरोबर आपले अन्न आणले, आधी आपल्या माणसांना वाढले, आणि मग ते सर्व शहराचे झाले.

खाणावळ

परंतु या सर्व जागांपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटली ती पाटी नसलेली जागा, म्हणजे गिरणगावातील खाणावळ.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी भाग गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, घाटावरून पुरुष कामाला आले. बायकामुले गावीच राहिली. एका खोलीत दहा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी. या माणसांना दोन वेळा जेवू कोण घालणार? हे काम गिरणगावातील बायकांनी केले. कोणी गिरणी कामगाराची बायको, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. दहा बाय दहाच्या खोलीत चूल किंवा स्टोव्ह पेटवून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक होई. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोपर्यंत वाण्याकडून सामान उधार आणावयाचे, त्यावर व्याज भरावयाचे, वेळ पडली तर मंगळसूत्र गहाण ठेवावयाचे. संप झाला, पगार थांबला, तरी ताट थांबत नसे.

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सामान्य माणसाला कर्ज मिळेल असे सांगितले गेले. पण खाणावळवालीला तारण कोठून असणार? कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घ्यावी आणि बँकेने त्यांना कर्ज द्यावे, अशी ही रीत होती. सावकाराचे व्याज सुटले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ‘ही घरीच असते, दोन माणसांचा जास्त स्वयंपाक करते’ असे जिच्याविषयी बोलले जाई ती बाई बँकेच्या कागदावर व्यवसाय करणारी ठरली. तिचे रांधणे हा धंदा आहे आणि श्रमही आहे, असे पहिल्यांदा लिहिले गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. लालबागला एका चाळीत एक आजी भेटल्या. त्या पूर्वी तीस माणसांची खाणावळ चालवीत. संपात माणसे गावी गेली ती परत आलीच नाहीत. आजींनी सांगितले, “जाताना प्रत्येक जण म्हणाला, मावशी, तुमचे पैसे पाठवतो. काहींनी पाठवले पण. उरलेल्यांवर रागवून काय करू? त्यांच्याकडे असते तर त्यांनी दिले असते.” आज चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि गिरण्यांच्या आवारात महागडी उपाहारगृहे आहेत. त्या आवारात एके काळी कोणी कोणाला जेवू घातले हे सांगणारी खूण मला तेथे दिसली नाही.

आपल्या जिल्ह्याशी संबंध

येथे मला आपल्या जिल्ह्याकडे यावेसे वाटते. आपल्याकडूनही दरवर्षी लाखो माणसे घर सोडून जातात. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई या भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि सहा महिने फेडावयाची. फरक एवढाच की गिरणगावात खाणावळ होती, फडावर ती नाही.

पाचवीपर्यंत मी आई-वडिलांबरोबर कोपीवर राहिले आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. आई पहाटे तीनला उठते. तीन दगडांच्या चुलीवर पाचट घालून दिवसभराच्या भाकरी करते. सोबत पिठले किंवा ठेचा. भाकरी फडक्यात बांधून उजाडण्यापूर्वी फडात. दिवसभर वडिलांच्या बरोबरीने तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. संध्याकाळी पाणी आणून पुन्हा चूल. रात्री अपरात्री गाडी आली तर भरायला जावेच लागते. कोयत्याचे काम दोघांचे सारखे, चुलीचे काम एकटीचे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचे ठरले. त्यासाठी संघटनांनी लढा दिला आणि त्याचा आनंद आमच्याही घरात झाला. परंतु दर टनावर असतो. कोयता चालविणाऱ्या हाताला ज्या भाकरीने बळ येते तिचा हिशेब कोणत्याच टनात धरलेला नाही. मुंबईहून मी आईला फोनवर अन्नपूर्णा मंडळाची हकीकत सांगितली आणि फडावर खाणावळ का होत नाही असे विचारले. ती म्हणाली, “टनाचे पैसे भेटतेत बाई, भाकरीचे कोण देतंय?” मग थोडे थांबून म्हणाली, “पण आयती भाकर भेटली असती तर पहाटं दोन तास पाठ टेकली असती.”

या दुसऱ्या वाक्यावर आपण विचार केला पाहिजे. साखर कारखान्याच्या परिसरात शेकडो कोप्या एका जागी असतात. प्रत्येक कोपीपुढे पहाटे एक चूल पेटते आणि प्रत्येक चुलीपुढे एक झोप अर्धवट राहिलेली बाई असते. टोळीतील ज्या बायका वयाने थकल्या आहेत किंवा ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांना कोयत्याऐवजी सामाईक स्वयंपाकाचे काम देता येईल काय? त्याची मजुरी कारखाना, मुकादम आणि टोळी यांनी वाटून घेता येईल काय? अडचणी आहेत. टोळ्या विखुरतात, तळ हलतो. हिशेब मुकादमाच्या वहीत गेला तर भाकरीचीही उचल होईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच ती वही बायकांच्या गटाकडे असली पाहिजे. गिरणगावातील बायकांनी आधी हेच केले.

शासनाने स्वस्त जेवणाचे प्रयोग केलेले आहेत. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे निघाली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. शहरात रस्त्याच्या कडेला थाळी देता येते, तर ज्या फडावर राज्याची साखर तयार होण्यास सुरुवात होते तेथे ती नेणे अशक्य नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आहेच. मुलांच्या जेवणाचा विचार झाला, आता त्यांच्या आयांच्या जेवणाचा व्हावा.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला पुढील गोष्टी दिसल्या. पहिली, किनाऱ्यावरचे खाणे हवा, वाळू, लाटा आणि कामाच्या वेळा यांतून घडते. सादळणारे कुरमुरे आणि न टिकणारा बोंबील ही त्याची उदाहरणे. दुसरी, भेळेच्या गाडीपासून इराण्याच्या हॉटेलापर्यंत बहुतेक जागा घर सोडून आलेल्या माणसांनी उभ्या केल्या आणि त्यांत सर्वांना बसू दिले. तिसरी, या सर्व जागांच्या मागे बाईचे रांधणे आहे. जेथे ते मोजले गेले तेथे ती उभी राहिली. जेथे मोजले गेले नाही तेथे तिची झोपच तेवढी खर्ची पडली.

आपल्या महाविद्यालयात ज्यांचे आई-वडील हंगामाला जातात अशी पुष्कळ मुले-मुली आहेत. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांच्या गुरुजनांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामात आपण सर्वांनी मिळून एक पाहणी करावी. एका टोळीतील बाई दिवसातून किती तास स्वयंपाकासाठी देते, किती पाणी वाहते, किती झोपते, एवढेच लिहून आणावे. माहिती आणण्यासाठी कोणाला लांब जाण्याची गरज नाही. हंगाम संपवून चैत्रात माणसे परत आली की ती आपल्याच घरात मिळेल. प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना या कामात सहभागी व्हावयाचे असेल त्यांनी ग्रंथालयात मला भेटावे.